ॲड-इनमधून हेल्प-शोध

ॲड-इन म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम. कोड एडिटरमध्ये कर्सरखालचा शब्द उचलून तो हेल्पमध्ये परस्पर शोधण्याची सोय त्यातून करता येते. एफ-१ कळही हेच करते, पण ॲड-इनला घरची, म्हणजे स्वतः लिहिलेली हेल्प जोडता येते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला भाषेच्या हेल्पइतकीच तोलाई, हमाली, पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) यांच्या नियमांची पानेही लागतात.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल स्टुडिओत (प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) ॲड-इन त्याच्या मुख्य ऑब्जेक्टकडून, 'डीटीई'कडून, हेल्पचा ऑब्जेक्ट 'हेल्प२' मागून घेई आणि त्याच्या 'डिस्प्लेटॉपिकफ्रॉमएफ१कीवर्ड'ला शब्द देई. २०१५च्या आवृत्तीत ॲड-इन बंद झाले. आता त्याऐवजी एक्स्टेन्शन (नव्या पद्धतीचा जोड-प्रोग्राम) लिहावे लागते.

घरची हेल्प बहुधा सीएचएम फाइलीत (विंडोजच्या जुन्या हेल्पची सगळी पाने एकत्र बांधलेली फाइल) असते आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. ती उघडण्याच्या आज्ञांपैकी 'एचएच_कीवर्ड_लुकअप'ने अनुक्रमणिकेतला शब्द मिळतो. 'एचएच_डिस्प्ले_सर्च' मात्र नुसता सर्चचा टॅब उघडते, शोध चालवत नाही. नाव पाहून फसू नये. फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधून उघडली तर डावीकडे विषयांची यादी येते, उजवीकडे पान येत नाही. सुरक्षेसाठी विंडोज ते अडवते. प्रत ज्या-त्या संगणकावर ठेवावी. डाउनलोड केलेली असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करावे. मराठीचे दुखणे वेगळेच. सीएचएमचा शोध युनिकोडवर चालत नाही आणि देवनागरीला विंडोजचे एएनएसआय कोडपेज (युनिकोडपूर्वीचा अक्षरांचा तक्ता) नाही. पान छान दिसते, शोधले की सापडत नाही.

म्हणून मराठी हेल्प साध्या एचटीएमएल किंवा मार्कडाउन फाइलींत ठेवून शोध एक्स्टेन्शननेच घ्यावा. शब्द उचलणारी रेजेक्स (मजकुरातले शब्द ओळखण्याचा नमुना) फक्त 'अक्षर' गटावर बेतली तर 'तोलाई'चे 'त', 'ल', 'ई' असे तुकडे पडतात, कारण युनिकोडमध्ये मात्रा 'चिन्ह' (मार्क) गटात येतात. दोन्ही गट घ्यावेत, शिवाय शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह, युनिकोड क्रमांक २००डी).

'शेतकऱ्याची पट्टी' हमखास चुकते. यातला अर्धा र कोणी 'ऱ' आणि हलन्ताने लिहितो, कोणी 'र', हलन्त आणि जोडकाने. डोळ्यांना सारखेच, संगणकाला निराळे. 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी जोडी एनएफसी (युनिकोडचे ठरलेले एकत्रित रूप) केल्यावर 'ऱ' होते. जोडकाचे रूप एनएफसीने बदलत नाही, ते हाताने बदलून घ्यावे लागते. हे अनुक्रमणिका बनवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी करावे.

प्रत्ययांचे काम राहतेच. 'हमालीची' पुढून जुळवली तर 'हमाली' मिळते, 'सौद्यात'वरून 'सौदा' मिळत नाही. अशा शब्दांची सामान्यरूपे हेल्पच्या पानावरच कीवर्ड म्हणून लिहून ठेवावीत. पाने शे-दोनशे असतील तर स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणारा प्रोग्राम) लिहीत बसण्यापेक्षा हे लवकर होते.