थोमाचं बोट: एका बायबल-प्रसंगाच्या चित्रांची पार्श्वभूमी

बायबलमधल्या येशूचरित्रांपैकी एक असलेल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय सावकाश वाचला, तर लक्षात येतं की थोमा या शिष्याने येशूच्या कुशीतल्या भाल्याच्या जखमेला बोट लावलं असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. पुनरुत्थानाच्या, म्हणजे क्रुसावर मेलेला येशू पुन्हा जिवंत झाला त्या दिवसाच्या, संध्याकाळी तो शिष्यांना दिसला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितल्यावर तो म्हणाला की खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय आणि त्याच्या कुशीत हात घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनी दारं बंद असताना येशू पुन्हा आला आणि थोमाला म्हणाला, आण तुझं बोट, आण तुझा हात. यावर थोमाचे शब्द येतात ते थेट ‘माझा प्रभू, माझा देव!’ असे. मधल्या क्षणाबद्दल योहान काही बोलत नाही. येशूच्या पुढच्या वाक्यातही ‘तू मला पाहिलंस म्हणून विश्वास ठेवलास’ एवढंच आहे.

ही मोकळी जागा चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी भरून काढली. पंधराशेहून अधिक वर्षं ते थोमाच्या बोटाचं काय करायचं हे ठरवत आले आहेत, आणि बहुतेकांनी ते बोट जखमेपर्यंत नेलं. आज कुणालाही हा प्रसंग विचारा, तो सांगेल की थोमाने जखमेत बोट घातलं. हे उत्तर मजकुरापेक्षा चित्रांनी आपल्या मनात जास्त पक्कं केलं आहे.

थोमावर ‘संशयी’ असा शिक्का बसला, तोही मला अन्यायाचा वाटतो. त्याच अध्यायात, आदल्या भेटीत, येशूने बाकीच्या शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवली होती आणि त्यानंतरच त्यांना आनंद झाला होता. थोमाने मागितलं ते जवळपास तेच, जे इतरांना न मागता मिळालं होतं. याच अध्यायात बागेत भेटलेल्या मग्दालिया मरियेला, म्हणजे आपल्या एका अनुयायी स्त्रीला, येशू ‘मला शिवू नकोस’ म्हणतो आणि थोमाला मात्र हात पुढे करायला सांगतो. ख्रिस्ती कलेत या दोन भेटी अनेकदा एकमेकींच्या जोडीने येतात, त्या याच कारणामुळे.

सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स. ४२० ते ४३०च्या सुमारास रोममध्ये कोरलेल्या हस्तिदंती पट्ट्या आहेत या, प्रत्येक पट्टी तळहातावर मावेल एवढी. त्यांतल्या एकीवर क्रुसावरचा ख्रिस्त आहे, जो या विषयाच्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांत मोडतो. दुसरीवर येशू हात वर करून कूस उघडी ठेवतो आणि थोमा बोट पुढे करतो. हात वर उचललेला येशू आणि खालून पुढे येणारा थोमा ही रचना इथेच सापडते आणि पुढे हजार वर्षं फारशी बदलत नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला रावेन्नाच्या सांत’आपोल्लिनारे नुओवो चर्चच्या भिंतीवर हाच प्रसंग मोझेकमध्ये आला.

पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेने एका तपशिलावर जास्त भर दिला, तो म्हणजे बंद दाराचा. तिथे या चित्राला ‘दारं बंद असताना’ असंच नाव आहे. अकराव्या शतकातल्या होसिओस लुकास मठाच्या मोझेकमध्ये येशूच्या मागे मोठं बंद दार आहे आणि थोमा बिनदाढीचा, कोवळा तरुण आहे. बंद दारातून आत येणारा हा देह कसला, त्याला हात लागेल का, असा प्रश्न ते चित्र पाहणाऱ्यापुढे ठेवतं. ईस्टरनंतरचा पहिला रविवार पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही थोमाचा रविवार म्हणून पाळतात.

स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठाच्या अंगणाच्या कोपऱ्यातलं, साधारण इ.स. ११००चं कोरीव काम मला फार आवडतं. तिथे शिष्य तीन ओळींत, एकावर एक, दाटीने उभे आहेत, येशू सगळ्यांपेक्षा उंच आहे आणि कमानीच्या वर नगराच्या बुरुजांत वादक वाजवताहेत. येशूच्या शेजारी ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल उभा आहे. खरं तर पौल त्या खोलीत नव्हताच, तो पुष्कळ नंतर ख्रिस्ताकडे वळला. पण कोरणाऱ्याला तो हवा होता, कारण न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांचा पुढचा सगळा जथा पौलाच्या मागून येणार होता.

एक बारीक गोष्ट: भाल्याची जखम कुठल्या बाजूला झाली हे शुभवर्तमान सांगत नाही. कलेत मात्र ती जवळजवळ नेहमी उजव्या कुशीत असते.

फ्लॉरेन्सला या प्रसंगाने वेगळंच वळण घेतलं. तिथल्या ओर्सानमिकेले इमारतीच्या बाहेरच्या कोनाड्यांत शहरातल्या व्यापारी संघांचे संतपुतळे बसवलेले होते. त्यांतला एक कोनाडा पंधराव्या शतकात व्यापारी न्यायालयाने विकत घेतला आणि शिल्पकार आन्द्रेआ देल व्हेरोक्योला काम दिलं. न्यायालयाला थोमा हवा होता, कारण पुरावा पाहिल्याशिवाय निर्णय न देणारा माणूस न्यायाधीशाचा आदर्श ठरू शकतो. त्याचा संशय इथे गुण मानला गेला.

व्हेरोक्यो हा लिओनार्दो दा विंचीचा गुरू. त्याच्यापुढे अडचण अशी होती की कोनाडा एका मूर्तीसाठी बांधलेला होता आणि मूर्ती दोन बसवायच्या होत्या. त्याने येशूला आत, जरा उंचावर उभं केलं आणि थोमाला कडेला ठेवलं. थोमाचं एक पाऊल कोनाड्याबाहेर, रस्त्याच्या बाजूला आलं आहे. ब्राँझच्या त्या आकृत्यांना पाठ नाही, पुढचाच भाग ओतलेला आहे, म्हणून दोघेही त्या उथळ जागेत मावले. येशू उजवा हात वर उचलतो, दुसऱ्या हाताने वस्त्र बाजूला करतो आणि थोमाचं बोट जखमेजवळ येऊन थांबतं. स्पर्श झालेला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या कामानंतर १४८३ साली हा समूह बसवला गेला. आज मूळ शिल्प वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात आहे आणि कोनाड्यात त्याची प्रतिकृती.

पुढची पायरी इटालियन चित्रकार कारावाज्जोची. त्याने हे चित्र १६०१-०२च्या सुमारास रोममध्ये रंगवलं आणि ते बँकर घराण्यातल्या विन्चेन्सो जुस्तिनियानीच्या संग्रहात गेलं. १८१५ साली प्रशियाच्या राजाने जुस्तिनियानी संग्रहातली बरीच चित्रं घेतली, त्यांत हेही होतं. सध्या ते पोट्सडामच्या सान्सूसी राजवाड्याच्या चित्रदालनात आहे.

चित्रात चारच माणसं आहेत आणि चौघांची डोकी जवळजवळ एकत्र आली आहेत. मागे काळोख. दार, खोली, तेजोवलय यांपैकी काहीच नाही. थोमाच्या खांद्यावर अंगरख्याची शिवण उसवलेली आहे. कपाळावर आठ्या, हात राबणाऱ्या माणसाचा. त्याचं बोट जखमेत शिरलं आहे आणि वरची कातडी किंचित उचलली गेली आहे. पाहताना आपलं अंग आक्रसतं. सगळ्यांत महत्त्वाचा तपशील त्याच्या मनगटावर आहे: येशूने ते स्वतः धरलं आहे आणि हात आपल्याकडे ओढला आहे. थोमाची नजर नेमकी जखमेवर आहे की तिच्याही पलीकडे, हे सांगणं अवघड जातं. येशूने हात असा धरल्यामुळे तिथे उलटतपासणी चालली आहे असं वाटत नाही. गुरू शिष्याला हवं ते देतो आहे, आणि देताना त्याला दुखतंय की नाही हे चेहऱ्यावरून कळू देत नाही.

त्या काळाचा संदर्भही लक्षात घ्यायला हवा. प्रॉटेस्टंट सुधारकांनी संतांचे अवशेष आणि मूर्ती यांच्यावर कडाडून टीका केली होती. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने दोन्हींचं समर्थन केलं. हाताने शिवता येणारी श्रद्धा कॅथलिक जगात पुन्हा ठामपणे मांडली जात होती. रोममधल्याच सांता क्रोचे चर्चमध्ये थोमाचं बोट म्हणून एक अवशेष जपलेला आहे. अशा शहरात कारावाज्जोने ते बोट थेट जखमेत दाखवलं आणि त्या चित्राच्या कितीतरी नकला झाल्या.

पण सगळे त्याच्या वाटेने गेले नाहीत. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने १६१३ ते १५ या काळात अँटवर्पचा महापौर निकोलास रोकोक्स आणि त्याची पत्नी यांच्या कबरीसाठी तीन फळ्यांचं चित्र केलं. त्यात येशू शिष्यांना फक्त हात दाखवतो, कुशीतली जखम दिसतच नाही. रेम्ब्रांटच्या १६३४च्या चित्रात, जे आता मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे, येशू वस्त्र बाजूला करतो आणि थोमा दचकून मागे सरतो. त्याचे हात पुढे येण्याऐवजी उघडे पडले आहेत. प्रॉटेस्टंट ॲमस्टरडॅमच्या या चित्रकाराने योहानाच्या मजकुरातली मोकळी जागा तशीच ठेवली, आणि माझ्या मते तो मजकुराच्या सर्वांत जवळ पोहोचला.

थोमाची भारताकडची वाट याच हाताला धरून येते. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या ‘थोमाची कृत्यं’ या ग्रंथात तो सुतारकाम जाणणारा गुलाम म्हणून हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला विकला जातो आणि गुंडाफर राजाकडे येतो. राजा महाल बांधायला पैसे देतो, थोमा ते गरिबांना वाटून टाकतो आणि सांगतो की तुझा महाल स्वर्गात उभा राहिला आहे. युरोपातल्या चित्रांत थोमाच्या हाती अनेकदा सुतार-गवंड्यांचा गुण्या दिसतो, तो या कथेतून आला. गुंडाफर हे नुसतं कथेतलं नाव समजलं जात होतं. १८३०च्या दशकात चार्ल्स मॅसन या इंग्रज संशोधकाला काबूलच्या परिसरात त्याच्या नावाची नाणी मिळाली आणि तो भारताच्या वायव्येकडचा खरा राजा असल्याचं कळलं.

चौदाव्या शतकात युरोपात खूप वाचल्या गेलेल्या, जॉन मँडेव्हिलच्या नावावरच्या प्रवासवर्णनात आणखी एक दंतकथा आहे. थोमाचा तो हात भारतात त्याच्या कबरीबाहेर ठेवलेला आहे. वादी आणि प्रतिवादी आपापली कैफियत लिहून त्या हातात देतात, आणि हात खोटी कैफियत फेकून देतो. फ्लॉरेन्सच्या व्यापारी न्यायालयाने थोमाची निवड केली, त्याच्या आधीची ही कथा. जखम तपासणारा हात न्यायनिवाडा करतो, ही कल्पना तेव्हा दूरवर पसरलेली होती.

परंपरेनुसार थोमा आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला भाल्याने मारला गेला. येशूच्या कुशीत भाला लागला होता, थोमाचा शेवटही भाल्यानेच झाला. रुबेन्सने आयुष्याच्या अखेरीस, १६३६ ते ३८मध्ये, प्रागच्या संत थोमाच्या चर्चसाठी हे हौतात्म्य रंगवलं.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला गोव्याच्या टांकसाळीत सोन्याचं ‘सान थोमे’ नाणं पाडलं. त्यावर थोमाची प्रतिमा होती आणि भारत तुझ्या वाट्याला आला, अशा अर्थाची लॅटिन ओळ. साम्राज्याने त्याला असा वापरून घेतला. मुंबईत इंग्रजांच्या पहिल्या चर्चलाही त्याचंच नाव मिळालं: संत थॉमस कॅथीड्रलचा पाया १६७६ साली घातला गेला आणि १७१८च्या नाताळात ते खुलं झालं. त्या चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव पडलं.