पोटातील जंत आणि श्वसनमार्गाचे विषाणूजन्य आजार : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढलेले दिसले की आमच्या सांगलीतील प्रयोगशाळेत बहुतेक ग्राहक ॲलर्जीविषयी विचारतात. जंतांची शंका क्वचितच कोणी काढते. वास्तविक उसाच्या, हळदीच्या ओल्या रानात अनवाणी काम करणाऱ्याच्या तळपायातून अंकुशकृमीच्या (आतड्याला चिकटून रक्त शोषणाऱ्या जंताच्या) अळ्या शरीरात शिरू शकतात, आणि गोल जंतांची अंडी न धुतलेल्या भाजीबरोबर पोटात जातात.

जंतांशी झुंजताना शरीर इओसिनोफिल आणि आयजीई नावाची प्रतिपिंडे (रक्तातील संरक्षक प्रथिने) वाढवते. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूने बाधित झालेल्या पेशी नष्ट करण्यासाठी मात्र इंटरफेरॉन (विषाणूंची वाढ रोखणारी प्रथिने) आणि मारक टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) लागतात, आणि जंतांविरुद्धची पहिली बाजू जोरात असेल तर विषाणूंविरुद्धची ही दुसरी काही प्रमाणात दबते. शिवाय दीर्घकाळ मुक्काम करणारे जंत स्वतःच्या बचावासाठी शरीराची एकूण दाहक्रियाच सौम्य करतात, आणि त्यामुळे परिणाम उलटाही दिसू शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत जंतांमुळे विषाणूविरोधी प्रतिकार मंदावला होता. २०१७ च्या प्रयोगांत मात्र आतड्यातील जंताने उंदरांना आरएसव्ही या श्वसनविषाणूपासून काहीसे संरक्षण दिले. इथिओपियातील करोना रुग्णांच्या एका अभ्यासातही परजीवी असलेल्यांमध्ये गंभीर आजाराचे प्रमाण कमी आढळले. यावरून ‘जंत असलेले बरे’ असा अर्थ काढणे आम्हाला मान्य नाही, कारण अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण एकीमुळेच दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. अंकुशकृमीमुळे होणारा रक्तक्षय मात्र निश्चित आहे.

सर्वाधिक सावधगिरी स्ट्राँगिलॉइडिस या जंताबाबत हवी. तो कित्येक वर्षे लक्षणांशिवाय राहतो, पण करोना, दमा अशा आजारांत दिलेल्या स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबली की त्याच्या अळ्या शरीरभर पसरून जिवावर बेतू शकते. म्हणून स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी आपले इओसिनोफिल वाढलेले असल्याचे आणि आपण शेतात अनवाणी वावरत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शौचाचा नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत, लघवी किंवा पाणी मिसळू न देता आणावा. एक अहवाल निर्दोष आला तरी डॉक्टर वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागू शकतात, कारण अंडी किंवा अळ्या प्रत्येक नमुन्यात सापडतातच असे नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी अवश्य द्यावी. मात्र तिच्या एका मात्रेने स्ट्राँगिलॉइडिस जाईलच, असे गृहीत धरू नये.