शेवटच्या राऊंडमधला रिसीव्हर: एनएफएलचा वेगळा, फॅन्टसीचा वेगळा

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट होतो (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) आणि ऑगस्टच्या शेवटी फॅन्टसी लीगांचे, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपण गुण मिळवतो त्या खेळाचे, ड्राफ्ट सुरू होतात. मधल्या चार महिन्यांत न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी मंडळींच्या लीगांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: ‘अमक्या टीमने पाचव्या राऊंडमध्ये भारी रिसीव्हर घेतलाय, शेवटी शेवटी उचलून टाक.’ (रिसीव्हर म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा.) एप्रिलमध्ये हीच मंडळी नेमकं उलटं बोलत असतात: ‘सहाव्या राऊंडमध्ये याला कशाला घेतलं? याच्याकडे बॉल येणार तरी कधी?’ दोन्ही ठिकाणी एका ड्राफ्टचा हिशेब दुसऱ्याला लावलेला असतो. हे दरवर्षी ऐकून मी खरोखर कंटाळलो आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

फॅन्टसी तुम्हाला पाठ आहे. दहा-बारा जण, पंधरा-सोळा राऊंड, सापासारखा उलटसुलट फिरणारा क्रम. दहाव्या राऊंडनंतरचं सगळं ‘शेवटचं’. तिथे उरलेला रिसीव्हर दहा वर्षं खेळलेला असू शकतो, किंवा खऱ्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राऊंडला गेलेला नवखाही. एनएफएलमध्ये ३२ संघ, सात राऊंड, अडीचशेच्या वर निवडी आणि सगळे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू. चौथा ते सातवा राऊंड तिसऱ्या दिवशी, शनिवारी होतो. क्रम कसा ठरतो, निवडींची अदलाबदल कशी होते, यावर लोक तासन्‌तास बोलतात. रिसीव्हर शोधण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणून ते सोडून देऊ.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी: तुम्ही नेमकं विकत काय घेताय? फॅन्टसीत तुम्ही या हंगामात त्या माणसाच्या दिशेने फेकले जाणारे बॉल घेता, म्हणजे टार्गेट. एनएफएलचा संघ खेळाडूची चार वर्षं घेतो, कारण ड्राफ्टमधल्या नव्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पण ती चार वर्षं हाती लागायची तर आधी त्याला संघाच्या ५३ जणांच्या यादीत, म्हणजे रोस्टरवर, ठेवावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

त्या ५३ मध्ये रिसीव्हर साधारण पाच किंवा सहा. मैदानावर बहुतेक वेळ पहिले तीनच दिसतात. मग पाचव्या माणसाने रविवारी करायचं काय? पंट आणि किकऑफ, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने मारलेले बॉल, झेलून पळत परत आणायचे, समोरचा संघ ते परत आणत असेल तर धावत जाऊन त्याला पाडायचं, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकसाठी ब्लॉक करायचं, म्हणजे विरोधकांना अडवायचं. ज्याला यातलं काही जमत नाही, त्याला ऑगस्टच्या शेवटी कमी करतात, मग त्याचे हात कितीही चांगले असोत. कमी केल्यावर बाकीच्या ३१ संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकतो. कोणी नाही उचलला तरच तो प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव यादीत, परत येतो. म्हणून सहाव्या-सातव्या राऊंडमध्ये जाणकार संघ स्वतःला विचारतो: हा कॅच पकडायला शिकेपर्यंत रोस्टरवर कशाच्या जोरावर टिकेल?

ज्युलियन एडलमन पाहा. २००९, सातवा राऊंड, २३२वी निवड. केंट स्टेट कॉलेजात तो बॉल फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक होता, रिसीव्हर नव्हताच. पहिल्या चार हंगामांत त्याचे झेल ३७, ७, ४ आणि २१. फॅन्टसीत असा माणूस कोणी एक आठवडाही ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पेट्रियट्सनी मात्र ठेवला, कारण तो पंट उत्तम परत आणायचा. २०११ मध्ये बचावात माणसं कमी पडली तर कॉर्नरबॅक म्हणूनही उभा राहिला. २०१३ मध्ये पेट्रियट्सचा रिसीव्हर वेस वेल्कर डेन्व्हरला गेला, जागा झाली आणि एडलमनने १०५ झेल घेतले. पुढे फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये तो सामन्याचा मानकरी ठरला. चार कोरड्या वर्षांत संघाने त्याला पंट रिटर्नच्या आधारावर सांभाळला, ही गोष्ट त्याच्याबद्दल बोलताना सगळे गाळतात. मग दरवर्षी प्रत्येक बुटक्या स्लॉट (कडेला न राहता आतल्या बाजूला उभा राहणाऱ्या) रिसीव्हरला ‘पुढचा एडलमन’ म्हणतात. त्यातला पंट परत आणणारा कोण, हे मात्र कोणी पाहत नाही.

अँटोनिओ ब्राऊनचंही तेच. २०१०, सहावा राऊंड, १९५वी निवड. पहिल्या हंगामात फक्त १६ झेल, पण किकऑफ परत आणून टचडाऊन केला. दुसऱ्याच हंगामात त्याने रिसीव्हिंग आणि रिटर्न या दोन्हींत हजारावर यार्ड काढले. एका हंगामात असं करणारा तो एनएफएलमधला पहिला. टायरीक हिल (२०१६, पाचवा राऊंड, १६५वा) पहिल्या वर्षी प्रो बोलला (निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्याला) गेला तोही रिटर्नर म्हणून. मात्र हिलचं नाव ‘शेवटच्या राऊंडमध्येही हिरा सापडतो’ याचा दाखला म्हणून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो खाली घसरला तो घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यामुळे, आणि तो गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला होता. त्याचा वेग सगळ्यांना माहीत होता. त्यात शोध लावण्यासारखं काही नव्हतं.

२०२४ पासून किकऑफचा नियम बदलला, दोन्ही संघ जवळजवळ उभे राहू लागले आणि परत आणले जाणारे किकऑफ वाढले. म्हणजे ही बाजू आणखी वजनदार झाली आहे. तरीही मॉक ड्राफ्ट (ड्राफ्टचा आधीच बांधलेला अंदाज) लिहिणारे अजून सहाव्या राऊंडच्या रिसीव्हरखाली त्याच्या ४० यार्ड धावण्याची वेळ सोडून काही लिहीत नाहीत. ती वेळ मला शेवटच्या राऊंडमध्ये जवळजवळ निरुपयोगी वाटते. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावला, थेट नववी निवड झाला, पण त्याचं पुढे काही झालं नाही. नुसत्या वेगासाठी लोक पहिल्या राऊंडला पैसे मोजतात. चांगले हात, नेमके वळणारे पाय आणि ब्लॉक करण्याची तयारी असलेला माणूस म्हणूनच खाली उरतो.

आता फॅन्टसीची बाजू. इथे रिटर्न, ब्लॉक, टॅकल या सगळ्यांचे बहुतेक लीगांमध्ये शून्य गुण. म्हणून शेवटच्या राऊंडमध्ये खेळाडूच्या आधी संघातली मोकळी जागा शोधायची. कोण गेला, कोण जायबंदी आहे, आणि बॉल फेकणारा कोण आहे?

मार्क्स कोल्स्टनला २००६ मध्ये सेंट्सनी २५२वा निवडलं, त्या वर्षी एकूण निवडी होत्या २५५. ऑगस्टच्या शेवटी सेंट्सनी त्यांचा रिसीव्हर डाँटे स्टॉलवर्थला फिलाडेल्फियाला दिलं, बॉल फेकायला ड्रू ब्रीस नुकताच आला होता, आणि कोल्स्टनने पहिल्याच हंगामात ७० झेल आणि १,०३८ यार्ड काढले. फॅन्टसीत पाहण्याची बातमी स्टॉलवर्थची होती. पुका नाकुआ २०२३ मध्ये रॅम्सकडे, पाचव्या राऊंडला, १७७वा. रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप मांडीच्या दुखापतीने हंगामाच्या सुरुवातीलाच बाहेर बसला. नाकुआने पहिल्या सामन्यात १० आणि दुसऱ्यात १५ झेल घेतले, आणि हंगाम १,४८६ यार्डांवर संपवला. नवख्या खेळाडूचा तो विक्रम. रॅम्सना त्याचं दणकट ब्लॉकिंग उपयोगी होतं, फॅन्टसीवाल्यांना कपची रिकामी जागा. माणूस एक, घेण्याची कारणं दोन.

अमोन-रा सेंट ब्राऊन (२०२१, चौथा राऊंड, ११२वा) हे याचं दुसरं टोक. नोव्हेंबरपर्यंत बेताचा खेळ. मग डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर टचडाऊन, आणि तिथून सलग सहा सामन्यांत प्रत्येकी किमान आठ झेल. त्याच्याच संघात ज्यांच्याकडे बॉल जायचा त्यांतला डिआंद्रे स्विफ्ट जायबंदी होता, पाठोपाठ टी. जे. हॉकेन्सनही बाहेर गेला. डेट्रॉइटला वाट पाहणं परवडलं. फॅन्टसीत त्याला ऑक्टोबरमध्ये सोडणारे चुकले नव्हते. चुकले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला परत न उचलणारे.

फॅन्टसीत चूक झाली तरी किंमत मोजावी लागत नाही. सोडलेला खेळाडू बुधवारी वेव्हरवर, म्हणजे कोणाकडेच नसलेल्या खेळाडूंच्या यादीत, जातो, नवा येतो. म्हणून शेवटच्या चार राऊंडमध्ये दर आठवड्याला चार झेल आणि चाळीस यार्ड देणारा सुरक्षित म्हातारा रिसीव्हर घेणं मला मुळीच पटत नाही. तसे वेव्हरवर कायम पडलेले असतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला, वरचा एक माणूस बाजूला झाला की लगेच मुख्य होईल असा खेळाडू घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्याकडे बॉल आला नाही, तर मन न दुखावता सोडून द्या. आणि किकर कृपा करून शेवटच्याच राऊंडला.

राहिली डायनेस्टी लीग, जिथे खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतो. तिच्यात नवख्यांचा वेगळा ड्राफ्ट असतो, आणि टॅक्सी स्क्वॉड (राखीव जागा) असेल तर नवखा एक-दोन वर्षं गुण न देताही ठेवता येतो. तिथे तिसऱ्या-चौथ्या राऊंडला मी एनएफएलच्याच नजरेने पाहतो: प्री-सीझनमध्ये पंट कोण परत आणतोय, आणि ५३ जणांच्या यादीतला पाचवा रिसीव्हर कोण. तुमच्या लीगमध्ये टॅक्सी स्क्वॉड नसेल, तर हा रिटर्नर दुसऱ्या कोणाला घेऊ द्या आणि सप्टेंबरमध्ये त्याने सोडला की नाव लिहून ठेवा.