कॉलेज मिळालं, आता राहायचं कुठे? हॉस्टेल, शासकीय वसतिगृह आणि निवास भत्त्याचा अर्ज

कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, हवं ते कॉलेज मिळालं, फी भरली, पावती हातात आली, की घरी पेढे वाटले जातात आणि हॉस्टेलचं आता आपोआप होईल असं सगळे धरून चालतात. तसं होत नाही. हे प्रवेश करणारा राज्याचा सीईटी सेल जागा देतो ती वर्गातली. खोलीसाठी वेगळा अर्ज, वेगळी यादी आणि वेगळी फी असते, आणि मुदत अनेकदा चार-आठ दिवसांचीच. पहिला राऊंड लागायच्या आत हॉस्टेलची फाईल तयार असली पाहिजे, ती त्यासाठी.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच बातमीत वाचून निघालेले पालक हॉस्टेलच्या खिडकीपाशी येऊन थबकतात, कारण या माफीत खोलीभाडं नाही, मेस नाही आणि अनामतही नाही.

आधी कुठे अर्ज करायचा

सोय साधारण चार प्रकारची असते: कॉलेजच्या आवारातलं हॉस्टेल, शासकीय वसतिगृह, एखाद्या ट्रस्टचं किंवा समाजाचं वसतिगृह, नाहीतर बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे एका पलंगापुरत्या भाड्याने, खोली. लोक याच क्रमाने शोधतात आणि तिथेच गणित चुकतं. शासकीय वसतिगृहाला पात्र असाल तर पहिला अर्ज तिथे करा, कॉलेजचं हॉस्टेल मिळणार अशी खात्री वाटत असली तरी. कारण सरकारच्या निवास भत्त्याच्या मोठ्या योजना मुळात वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत. वसतिगृहाचा अर्जच केला नसेल तर ‘प्रवेश मिळाला नाही’ हे कशावरून म्हणणार?

सामाजिक न्याय विभागाची राज्यात चारशेहून अधिक शासकीय वसतिगृहं आहेत. ती फक्त अनुसूचित जातींसाठी आहेत असा एक पक्का गैरसमज आहे. ८० टक्के जागा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या हे खरं. पण उरलेल्यांत विमुक्त जाती व भटक्या जमातींना ५ टक्के, आर्थिकदृष्ट्या मागासांना ५, अनुसूचित जमातींना ३, दिव्यांगांना ३, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि अनाथांना २ टक्के असा वाटा आहे. जागा थोड्या असल्या तरी अनेकांना माहितीच नसल्यामुळे अर्जही कमी येतात. राहणं, जेवण, अंथरूण-पांघरूण, पुस्तकं मोफत आणि वर दरमहा थोडा निर्वाह भत्ता. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं स्वतंत्र आहेत. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ७२ वसतिगृहं मंजूर झाली. त्यांतली बरीचशी भाड्याच्या इमारतींत चालतात आणि प्रत्येकाची क्षमता शंभर.

निवड गुणवत्तेनुसार होते आणि प्रवर्गनिहाय यादी लागते. अर्ज ऑनलाइन असला तरी यादीत नाव आल्यावर मूळ कागद घेऊन गृहपालांसमोर हजर राहावंच लागतं, आणि दिलेल्या तारखेला गेलं नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला जाते. फोन लागला नाही ही सबब तिथे चालत नाही. अर्जात स्वतःचा, नेहमी चालू असलेला मोबाइल नंबर टाका, सायबर कॅफेवाल्याचा नको. ओटीपी आणि निवडीचे मेसेज त्याच नंबरवर येतात.

जागा नाही मिळाली तर: स्वाधार आणि तिची भावंडं

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे शिकणाऱ्यांना वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, असे ६०,००० रुपये मिळतात. इतर महसुली विभागीय शहरं आणि क वर्ग महापालिकांत हाच आकडा ५१,००० होतो, उरलेल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहित्यासाठी आणखी ५,००० आणि इतर शाखांना २,००० मिळतात.

अटी नीट वाचा, कारण अर्ज बाद होतात ते यातल्याच कुठल्या तरी अटीवर. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत, दिव्यांगांसाठी ४०. अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा आणि संस्था मान्यताप्राप्त असावी. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला स्थानिक नसावा. आणि ७५ टक्के हजेरी. शेवटची अट मुलं सोडूनच देतात आणि मग दुसऱ्या सत्रात हजेरीचा दाखला आणायला गेल्यावर तोंड उतरतं.

वसतिगृह आणि स्वाधार हे दोन्ही अर्ज आता महाआयटी या शासकीय कंपनीच्या एचएमएएस पोर्टलवर होतात. अनुसूचित जमातींसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिचे दर ६०,०००, ५१,००० आणि ४३,०००, आणि तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांना ३८,०००. मात्र आधार योजनेत जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा ठरलेली आहे, त्यामुळे नुसतं पात्र असणं पुरत नाही. खुल्या वर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या, नोंदणीकृत मजुरांच्या आणि ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांनी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना शोधावी. ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कॉलेज लेव्हलला किंवा मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर तो रस्ता बंद. एकाच वर्षी दोन योजनांचा निर्वाह भत्ता घेता येत नाही, म्हणून सगळीकडे अर्ज ठोकून देण्याआधी आपल्याला कोणती लागू होते ते ठरवा.

आता जमाखर्च. पुण्यात कॉट महिना ४,००० आणि दोन वेळची मेस ३,५०० धरली, तर वर्षाचे ९०,००० होतात. साठ हजारांत तीस हजारांचा खड्डा राहतोच, शिवाय भत्ता सहसा उशिरा जमा होतो. पहिले सहा महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी ठेवूनच खोली घ्या.

कागद

आधार कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशाची पावती, बोनाफाईड, अधिवास दाखला, जातीचा दाखला, जिथे लागते तिथे जात पडताळणी, फोटो आणि वैद्यकीय दाखला. इथे फारशी अडचण येत नाही. मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

अडचण येते ती उत्पन्नाच्या दाखल्याला. तहसीलदारांचा दाखला ३१ मार्चला संपतो आणि प्रवेश जून-जुलैत सुरू होतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीला जोडलेला दाखला चालत नाही. नवा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. जुलैत सेतू केंद्रावर अख्खा तालुका लोटलेला असतो. आई-वडील दोघेही कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न दाखल्यात आलं पाहिजे. पगारदारांकडून फॉर्म १६ मागतात.

दुसरी अडचण बँकेची. ‘माझं खातं आधारशी लिंक आहे’ असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, पण भत्ता जातो तो एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि एका आधारला असं एकच खातं चालतं. घरच्या कुणी मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून देताना सीडिंगच्या, म्हणजे या जोडणीच्या, फॉर्मवर सही करून दिली असेल, तर पैसे त्या नव्या खात्यात जातात आणि पोरगं जुन्या पासबुकात एंट्री मारत बसतं. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून कोणती बँक दिसते ते अर्जाआधी बघून घ्या. खातं विद्यार्थ्याच्या नावावरच हवं. वडिलांचं चालत नाही.

आणि प्रतिज्ञापत्रं. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० रुपयांच्या बाँडशिवाय होणारच नाही असं टायपिंगवाला म्हणाला, तरी साध्या कागदावर करून द्या म्हणून सांगा. रॅगिंगविरोधी हमीपत्र वेगळं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार ते विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. ते ऑनलाइन भरलं की नोंदणी क्रमांक येतो, तोच हॉस्टेलच्या फॉर्मवर लिहायचा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. हा नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा.

कॉलेजच्या हॉस्टेलचा अर्ज आणि खरा खर्च

कॅम्पसवरच्या खोल्या बहुतेक ठिकाणी शाखानिहाय आणि प्रवर्गनिहाय वाटल्या जातात, आधी गुणवत्ता आणि बऱ्याच कॉलेजांत घराचं अंतर बघून. तीस किलोमीटरवरून रोज एसटीने येणाऱ्याचा नंबर साहजिकच मागे पडतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना जागा मिळण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या वर्षापासून आधीच्या सत्राचे गुण आणि एटीकेटी (राहिलेले विषय) पाहून यादी लागते. पहिल्या वर्षी मिळालेली खोली चार वर्षं आपलीच, हे डोक्यातून काढून टाका. फॉर्मवर स्थानिक पालकाचं नाव मागतात. तिथे उगाच लांबच्या ओळखीतल्या माणसाचं नाव देऊ नका. रात्री मुलाला ताप भरला तर रेक्टर त्यालाच फोन लावणार.

खर्च विचारताना ‘हॉस्टेल फी किती’ एवढ्यावर थांबू नका. पाटीवरची फी बहुधा फक्त खोलीची असते आणि ती वर्षाची एकरकमी भरावी लागते. मेस वेगळी, वीज कुठे धरलेली कुठे मीटरप्रमाणे, आणि अनामत वेगळी. मेसचा खर्च खोलीपेक्षा हमखास जास्त होतो, म्हणून चार प्रश्न आधी विचारा. मेस सक्तीची आहे का? महिन्याला ठरावीक रक्कम आहे की महिनाअखेरीला हिशोब होतो? रविवारी रात्री जेवण असतं का? आणि खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, कसे धरतात? बऱ्याच मेसमध्ये सलग तीन-चार दिवसांच्या खाली खाडा धरतच नाहीत, आणि आदल्या दिवशी वहीत नाव लिहिलं नसेल तर धरतच नाहीत. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार गावी जाणाऱ्या मुलाचे एकही खाडे वजा होत नाहीत. वर्षाच्या हिशोबात हे चार-पाच हजार होतात.

शैक्षणिक कर्ज काढत असाल तर हॉस्टेल आणि मेसचा खर्च त्यात धरता येतो, पण कॉलेजने लेटरहेडवर दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवलेला असला पाहिजे. पत्र घेतानाच हे बघा, नंतर बदलून मिळायला आठवडे जातात. आयकरात जुन्या करप्रणालीत ट्यूशन फीची वजावट मिळते, हॉस्टेलची मिळत नाही.

ट्रस्टच्या वसतिगृहांचा विचार मध्यमवर्गीय घरं सहसा करत नाहीत, आणि माझ्या मते ते आपलंच नुकसान आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं उभी केली, तेव्हापासूनची ही महाराष्ट्राची जुनी रीत. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात ठेवून घेते. अशा ठिकाणी मुलाखत होते, शिस्त कडक असते आणि काही तास काम करावं लागतं. ज्याला हे जमतं त्याचं भलं होतं, ज्याला नाही जमत त्याने दुसऱ्याची जागा अडवू नये.

बाहेर खोली घेताना

भत्त्यासाठी भाड्याचा पुरावा लागतो, म्हणून तोंडी व्यवहारावर खोली घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चाला घाबरण्याचं कारण नाही. तीन मुलांनी मिळून महिना १२,००० भाड्याने आणि ४०,००० डिपॉझिटवर फ्लॅट घेतला, तर अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ३,६६७. या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे साधारण ३४० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट मागतो ते बाकीचे पैसे त्याच्या कामाचे. करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर केला तर उरलेल्या दोघांना भत्त्याच्या अर्जाला जोडायला काही राहत नाही. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवून पोच घ्या.

खासगी हॉस्टेल किंवा पीजीवाला बिलावर जीएसटी लावत असेल तर थांबवा. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासावर जीएसटी माफ आहे.

खोली ताब्यात घेताना पलंग, पंखा, कपाटाची कडी, नळ, खिडकीची काच यांचे फोटो काढून त्याच दिवशी रेक्टरला किंवा मालकाला पाठवून द्या. अनामत कापतात ती याच वस्तूंवरून. अनामतीची पावती फीच्या पावतीसोबत घरी ठेवा, मुलाच्या बॅगेत नको, कारण ती मागतात चौथ्या वर्षी, नो ड्यूजच्या वेळी. मे महिन्यात बहुतेक हॉस्टेलं खोल्या रिकाम्या करून घेतात. सामान ठेवायला जागा देतात का आणि पुढच्या वर्षासाठी अर्ज कधी निघतो, हे एप्रिलमध्येच ऑफिसात विचारून ठेवा.