मिडी ध्वनिपातळी

मिडी ध्वनिपातळी : संगीतनिर्मितीच्या संगणकप्रणालीत मिडी ट्रॅक वाजताना ऐकू येणारी आवाजाची पातळी. मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना वादनाच्या सूचना पाठवण्याची सामायिक पद्धत. मिडी फायलीत आवाज नसतो. कोणता स्वर केव्हा दाबायचा, किती जोराने आणि केव्हा सोडायचा, अशा सूचनाच तिच्यात असतात. आवाज काढते ते त्या सूचना वाचणारे वाद्य, मग ते प्रत्यक्ष सिंथेसायझर असो की मुद्रित स्वरांचे तुकडे (सॅम्पल) वाजवणारा संगणकातील सॅम्पलर. त्यामुळे ट्रॅक बारीक वाजणे, मध्येच आवाज पडणे किंवा फाटणे यांचे कारण ध्वनिमुद्रित ट्रॅकप्रमाणे तरंगाकृतीत सापडत नाही. ते सूचनांच्या साखळीत शोधावे लागते.

मिडीच्या जनकत्वाविषयी दोन परंपरा आहेत. अमेरिकी लेखनात सिक्वेन्शियल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांना पहिला मान मिळतो. त्यांनी चेट वुड यांच्यासह १९८१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे ‘युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस’ हा प्रस्ताव मांडला होता. दुसऱ्या परंपरेनुसार मूळ प्रेरणा रोलंड या जपानी वाद्यकंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांची. सामायिक जोडणीचा विषय त्यांनी आधीच इतर उत्पादकांकडे काढला होता. यामाहा, कोर्ग आणि कवाई या कंपन्यांच्या सहभागामुळे प्रस्तावाचे रूप बरेच बदलले. हे पाहता संयुक्त जनकत्वाचे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१३ चा तांत्रिक ग्रॅमी सन्मानही स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना मिळून देण्यात आला. जानेवारी १९८३ मधील नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही वाद्ये मिडीने एकमेकांना जोडून दाखवली गेली.

पातळीवर मुख्यत्वे तीन मूल्यांचा परिणाम होतो आणि तिन्ही ० ते १२७ या सात बिटांच्या मर्यादेत असतात. पहिले व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा वेग. वेग न ओळखणारा कीबोर्ड ठरावीक ६४ पाठवतो. व्हेलॉसिटी ० असलेली ‘नोट ऑन’ सूचना स्वर बंद करणारी मानली जाते. दुसरे कंट्रोलर ७, म्हणजे चॅनलचा (एका वाद्याकडे जाणाऱ्या सूचनांच्या मार्गाचा) व्हॉल्यूम; स्वराखेरीज इतर बाबी बदलणाऱ्या क्रमांकित सूचनांना कंट्रोलर म्हणतात. तिसरे कंट्रोलर ११, म्हणजे एक्स्प्रेशन. ते कंट्रोलर ७ ने ठरवलेल्या पातळीचा काही अंश ठेवते, ती ओलांडू शकत नाही.

या मूल्यांचे डेसिबलमध्ये रूपांतर कसे करायचे, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. आकडा तोच, पण एका वाद्यात तो मोठा आणि दुसऱ्यात बारीक वाजतो, याचे मूळ येथे आहे. जनरल मिडी हे वाद्यांनी पाळायचे सामायिक नियम; त्यांच्या नंतरच्या आवृत्तीत, जनरल मिडी २ मध्ये, मूल्याला १२७ ने भागून त्याच्या लॉगरिदमची ४० पट, हे सूत्र आले. त्यानुसार १०० वर पातळी सुमारे ४.२ डेसिबलने, ६४ वर ११.९ डेसिबलने आणि ३२ वर जवळपास २४ डेसिबलने उतरते. सरळ प्रमाणात मूल्य वापरणारे वाद्य ६४ वर केवळ ६ डेसिबल उतरते. साउंडफॉन्ट या सॅम्पलसंचाच्या फाइलप्रकाराच्या मूळ मांडणीत तर व्हेलॉसिटी, कंट्रोलर ७ आणि कंट्रोलर ११ या तिघांनाही तोच उतरता वक्र लागू होतो. तिन्ही मूल्ये ६४ असली, तर उतार एकावर एक चढून सुमारे ३६ डेसिबल होतो आणि ट्रॅक जवळजवळ ऐकूच येत नाही. वाद्य सुरू होतानाचे मूल्यही एक नाही. १९९१ च्या जनरल मिडीत व्हॉल्यूमचे आरंभमूल्य ९० होते, जनरल मिडी २ मध्ये ते १०० झाले.

गाणे पहिल्यापासून वाजवले की ठीक, मधूनच सुरू केले की बारीक किंवा मोठे, ही तक्रार फार आढळते. सुरुवातीला लिहिलेली कंट्रोलर ७ ची सूचना वाद्यापर्यंत पोचलेली नसते आणि वाद्य आधीच्या मूल्यावर अडकून राहते. बहुतेक प्रणालींत मागच्या सूचना धुंडाळून पाठवण्याची ‘चेस’ ही सोय असते; ती चालू आहे का, हे प्रथम पाहावे. ‘सर्व कंट्रोलर पूर्ववत’ ही १२१ क्रमांकाची सूचना येथे उपयोगी पडेलच असे नाही. मिडी उत्पादक संघटनेच्या शिफारशीनुसार ती एक्स्प्रेशनला १२७ वर आणते, पण व्हॉल्यूम आणि पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) यांना हात लावत नाही. ‘रीसेट’ या नावामुळे अनेकांची फसगत होते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक चॅनलच्या आरंभी कंट्रोलर ७ आणि ११ दोन्ही स्पष्ट लिहिणे.

फेडरचाही, म्हणजे पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीचाही, घोळ होतो. क्युबेससारख्या प्रणालीत मिडी ट्रॅकचा फेडर कंट्रोलर ७ पाठवतो, तर इन्स्ट्रुमेंट ट्रॅकचा फेडर तयार आवाजाची पातळी बदलतो. फेडर हलवला आणि पुढच्याच मापात ट्रॅकमधील जुनी नोंद वाजली, की पातळी परत उडी मारते. त्यामुळे कंट्रोलर ७ एकदा ठरवून स्थिर ठेवावा, चढउतार कंट्रोलर ११ मध्ये लिहावेत आणि मिश्रणाचे काम आवाजाच्या फेडरवर करावे, हीच पद्धत श्रेयस्कर ठरते.

लांब स्वरांच्या वाद्यवृंदीय सॅम्पलसंचांत जोर बहुधा मॉड्युलेशन चाकावर, म्हणजे कंट्रोलर १ वर बांधलेला असतो. चाक शून्यावर असेल, तर व्हेलॉसिटी १२७ करूनही फरक पडत नाही. हार्मोनियमच्या सॅम्पललाही हे लागू आहे. खऱ्या पेटीत जोर भात्याचा असतो, पट्टी कितीही आपटली तरी स्वर मोठा होत नाही. म्हणून पेटीसाठी व्हेलॉसिटीचा उतार काढून भात्याचे काम एक्स्प्रेशनला दिल्यास वाजणे खरे वाटते. तबल्याचे उलट आहे. तेथे हाताचा आघात हेच सर्वस्व असल्याने व्हेलॉसिटीचे सपाटीकरण बोलांचा जीव घेते.

आवाज फाटण्याचे कारण बहुतेकदा अनेक स्वरांची बेरीज हे असते. फ्लुइडसिंथ या मुक्त सिंथेसायझरचे गेन (एकूण आवाजाचा गुणक) मुळातच ०.२, म्हणजे सुमारे उणे १४ डेसिबल ठेवलेले आहे ते याच कारणाने. तो मंद वाटतो म्हणून गेन सरसकट १ वर नेल्यास दाट संगतीत आवाज फाटतो. एकच स्वर दोनदा नोंदला गेल्यानेही ठरावीक जागी पातळी वाढते.

जानेवारी २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या मिडी २.० मध्ये व्हेलॉसिटी १६ बिटांची आणि कंट्रोलर ३२ बिटांचे आहेत. त्यात व्हेलॉसिटी ० म्हणजे स्वरसमाप्ती, हा जुना संकेत राहिलेला नाही.