शाळाबाह्य मूल: जुलैतलं आणि दिवाळीनंतरचं

दिवाळीचा फराळ सरायच्या आत बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या पट्ट्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर सुटायला लागतात. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा पट तोच असतो, पण बाकं निम्मी रिकामी. अंबड-घनसावंगीकडे, कळंब-भूममध्ये, गंगाखेडच्या वरच्या गावांतही हेच. या मुलांसाठी शाळेच्या आधाराने गेल्या तीसेक वर्षांत जे जे केलं गेलं, त्यातलं बरंचसं आज नावापुरतं उरलंय. काही मात्र टिकलं.

निजामी अमलात मराठवाड्यात शाळा किती आणि कुठल्या भाषेतल्या, हा वेगळा विषय. 1948 नंतर शाळा हळूहळू गावोगाव आल्या, एवढं इथं पुरे. 1972 च्या दुष्काळात आधी खडी फोडायला आणि मग ऊस तोडायला बाहेर पडलेल्या माणसांना दरवर्षीच्या वाटेची सवय लागली. 1975 मध्ये देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पुढे अंगणवाड्या इकडे पोचल्या, पण त्या गावाला बांधलेल्या. सहा महिने गावच बाहेर असेल तर सुकडी कुणाला वाटायची, याचं उत्तर योजनेत नव्हतं.

1995 मध्ये शालेय पोषण आहार आला, तोही आधी शिजवलेला नव्हे. महिन्याला तीन किलो तांदूळ, आणि अट 80 टक्के हजेरीची. ही अट आमच्या भागात भलतीच शिकवून गेली. आजी पिशवी घेऊन दारात उभी, नातू बारामतीकडच्या उसाच्या फडात. गुरुजींनी काय करायचं? हजेरीपटावर न आलेल्या मुलाच्याही हजेरीची टिंबं पडू लागली ती तेव्हापासून, असं माझं मत आहे. त्यात लबाडीपेक्षा दया जास्त होती. पण पट आणि मूल यांची फारकत तिथंच झाली.

साखरशाळा हा त्यानंतरचा प्रयोग. मूल जिथं जाईल तिथं शाळा न्यायची. मराठवाड्यातल्याच एका संस्थेने पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात अशा शाळा नेटाने चालवल्या, शासनानेही हात दिला. ताडपत्री किंवा पत्र्याचं छप्पर, टोळीबरोबर आलेलाच एखादा बारावी झालेला पोरगा शिक्षक. कल्पना चांगली होती, पण सगळे ऊसतोड कामगार कारखान्यावर राहतात असं धरून चालली होती. बैलगाडीने ऊस वाहणारे कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकतात. त्यांची पोरं शाळेत यायची. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या थळात, म्हणजे फडाजवळच्या मुक्कामाला, उतरतात, फड संपला की पुढच्या गावाला. त्यांच्यामागे शाळा कशी पळणार? आणि टोळी बेळगावकडे गेली तर आजूबाजूची शाळा कन्नड.

म्हणून उलटी वाट धरली: मूल गावातच ठेवायचं. सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं आली. आई-बाप परत येईपर्यंत दोन वेळचं जेवण आणि नाष्टा, चालवणार शाळा व्यवस्थापन समिती, रांधणार गावातल्याच बाया. नाव वसतिगृह, पण बहुतेक ठिकाणी वस्तीला कुणी नसतं. संध्याकाळी ताटं घासून झाली की पोरं आजीकडे, चुलत्याकडे झोपायला जातात. त्यावरून बरीच ओरड झाली. मुलांच्या संख्येत फुगवटा आहे, बिलं खोटी आहेत, वगैरे. काही खरं होतं, माझ्या डोळ्यांसमोरचंही एक होतं. पण दिवाळीनंतर वर्गात बसलेलं मूल दिसलं ते या ताटामुळेच, हे ओरडणाऱ्यांनी कधी म्हटलं नाही.

2010 च्या 1 एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मूल जिथं असेल तिथल्या नेहमीच्या शाळेने त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं, म्हणून साखरशाळेसारख्या तात्पुरत्या शाळांचं प्रयोजन संपलं. आणि ‘शाळाबाह्य’ या शब्दाला वजन आलं.

हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. 6 ते 14 वयाचं जे मूल शाळेत दाखल नाही, किंवा दाखल असून सलग महिनाभराहून अधिक गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. या व्याख्येने तोडीला गेलेलं प्रत्येक मूल डिसेंबरमध्ये शाळाबाह्य ठरायला हवं. पण तोवर त्याचं नाव ‘स्थलांतरित’ या दुसऱ्या रकान्यात गेलेलं असतं. स्थलांतरित म्हटलं की ते दुसरीकडे शिकतंय असं धरलं जातं. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड निघालं: गावच्या शाळेने भरून द्यायचं, तिकडच्या शाळेने ते पाहून मुलाला दाखल करून घ्यायचं. आईच्या ट्रंकेत कपड्यांखाली घडी घातलेलं ते कार्ड गुढीपाडव्याला जसंच्या तसं परत आलेलं मी पाहिलंय. तिकडच्या गुरुजींचा तरी काय दोष? नोव्हेंबरात बारा मुलं आली, मार्चात बारा गेली.

आणि मोजदाद कधी? 4 जुलै 2015 रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एक दिवसाचं सर्वेक्षण झालं. घरोघरी, वीटभट्ट्यांवर, बसस्टँडवर फिरून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. आकडा हजारांत आला. संस्था लाखांत सांगत होत्या, वाद झाला. वाद आकड्यावर झाला, तारखेवर कमी. जुलैत तोडवाला गावात असतो. पेरणी चाललेली असते, पोरगं शाळेत, पटावर नाव, हजेरीही खरी. शाळा उघडल्या उघडल्या मोजलं म्हणजे लगेच दाखल करता येतं, हा शासनाचा मुद्दा चूक नव्हता. फक्त तो शहरातल्या फुटपाथवरच्या मुलासाठी बरोबर होता. पुढे 2022 ची ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ मोहीम निघाली, तीही 5 ते 20 जुलै. मार्च 2021 मध्येही मोजलं गेलं, पण ते कोरोनाचं वर्ष.

कायदा चौदाला थांबतो, खरी भीती तिथूनच पुढं सुरू होते. गावची शाळा सातवी-आठवीपर्यंत. नववीला मानव विकास योजनेतली, मुलींना शाळेत नेणारी निळी बस येत असेल त्या गावातल्या मुली जातात, नसेल तिथं मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून आई बरोबर नेते. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. नवीन लग्न म्हणजे नवीन कोयता, नवीन उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास, बीडमध्ये सुमारे 44, परभणीत 48. हे आकडे उसावरच ढकलता येत नाहीत, पण ऊस वगळून समजतही नाहीत.

2021 च्या जूनमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहं मंजूर झाली, मुलांचं एक, मुलींचं एक. इथं मात्र रात्री झोपायचीही सोय. सुरुवात बीड, जालना आणि शेजारच्या नगर जिल्ह्यापासून, भाड्याच्या इमारतींत.

यात सहा वर्षांखालचं मूल कुठंच नाही. ते आईबरोबर जातंच. फडाच्या कडेला, पाचटावर, लुगड्याच्या झोळीत. अंगणवाडीच्या वहीत त्याच्या वजनाचा रकाना नोव्हेंबर ते मार्च कोरा असतो. ताईंना विचारायचंच झालं तर त्यांच्याकडे त्याच्या आईचा नंबर नसतो, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा असतो.