मोसंबी चिरल्यावर कडू का होते?

पाचोरा-भडगावकडची मोसंबी घरात आली की रस काढायचीच घाई होते. पण तिची कोशिंबीरही फार सुरेख लागते. मोसंबी-संत्र्याच्या फोडींवर गूळ, लिंबू, मीठ, लाल तिखट आणि शेंगदाणा तेल, बस. ती बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: आधी करून ठेवली की कडू पडते.

चांगल्या पिकलेल्या अखंड मोसंबीच्या गरात हा कडूपणा जाणवत नाही. फोडींच्या पापुद्र्यात एक बेचव पदार्थ असतो. फळ चिरलं की पेशी फुटतात, तो आंबट रसात उतरतो आणि हळूहळू त्याचं ‘लिमोनिन’ हे कडू द्रव्य बनतं. दहा लाख भाग रसात जेमतेम सहा भाग लिमोनिन असलं, तरी अनेकांच्या जिभेला ते कळतं. बियांत तर ते तयारच असतं. म्हणून पापुद्रे सोलावेत, बिया काढाव्यात आणि फोडी ताट वाढायच्या वेळीच कराव्यात.

उरलासुरला कडूपणा मीठ सांभाळतं. मिठातलं सोडियम कडू चव दबवतं, त्यामुळे मागे राहिलेला गोडवा वर येतो. रसाच्या गाडीवर मोसंबीत चिमूटभर मीठ पडतं, त्यात हे शास्त्र आहे.

तिखटाची गोष्ट वेगळी, कारण ती मुळात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरचा उष्णता ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जागा करतं. एरवी तो साधारण ४३ अंशांपुढे जागा होतो. जळगाव-भुसावळचा मे सोसणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला आणि २०२१ मध्ये ज्युलियस नोबेलचे मानकरी ठरले. आंबटपणा याच ग्राहकाला आणखी हळवा करतो. त्यामुळे खानदेशी हाताने रोजच्या भाजीइतकं तिखट इथे घालू नये. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, म्हणून तिखट आधी कोमट तेलात कालवावं, म्हणजे ते सगळीकडे सारखं लागतं. गूळ मात्र तेलात विरघळत नाही. तो लिंबाच्या रसात.

मीठ-गुळाने फोडींना पाणी सुटतं. ते ओतून देऊ नका. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, त्यामुळे ते त्या पाण्यात उतरलेलं असतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा घास त्यात बुडवून खाल्ला, तर भाकरीतलं लोह शरीरात अधिक चांगलं शोषलं जातं.